मुंबई बंदराच्या दोन चिलखती नौका

‘मॅग्डाला’ आणि ‘ॲबिसिनिया’ या दोन चिलखती युद्धनौका १८७० साली लंडनमध्ये थेम्सच्या काठी बांधून तयार झाल्या, मुंबईला आल्या आणि पुढची सुमारे तीस वर्षे मुंबईच्याच बंदरात राहिल्या. एखाद-दुसरी छोटी फेरी वगळता त्यांनी बंदर सोडले नाही आणि शत्रूवर एकही गोळा डागला नाही. युद्धनौकेच्या चरित्रात लढाया, लांबच्या सफरी, पकडलेली जहाजे अशा गोष्टी शोधण्याचा रिवाज आहे. या दोघींच्या वाट्याला त्यांतले काहीच आले नाही. तरीही जहाजबांधणीच्या इतिहासात त्यांच्या घराण्याला मान आहे. शिडांना रजा देऊन निव्वळ वाफेवर चालायचे, पुढे एक आणि मागे एक तोफांचा फिरता बुरूज ठेवायचा आणि मधोमध उंच बांधकाम करायचे, ही बड्या युद्धनौकांची पुढे रूढ झालेली मांडणी ब्रिटनमध्ये पहिल्यांदा ज्या तीन जहाजांत उतरली, त्यांतली दोन मुंबईला मिळाली. तिसरे, ‘सर्बेरस’, ऑस्ट्रेलियात मेलबर्नला गेले.

या जहाजांची गरज का पडली हे समजायला थोडे मागे जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युद्धजहाज म्हणजे लाकडी जहाज, आणि त्या कामात मुंबईचा हात धरणारे फार थोडे होते. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली जात आणि ती ब्रिटिश आरमारात दाखल होत. १८१३ चे ‘कॉर्नवॉलिस’, १८१७ चे ‘ट्रिंकोमाली’, १८२४ चे ‘एशिया’ ही त्यांतली नावाजलेली. ‘एशिया’ने १८२७ मध्ये नॅव्हारिनोच्या लढाईत इंग्रज सेनापतीचे निशाण मिरवले, ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ मध्ये चीनशी नानकिंगचा तह झाला. सागवान कुजत नाही आणि त्यात ठोकलेला लोखंडी खिळाही ओकच्या मानाने कमी गंजतो, म्हणून ही जहाजे पिढ्यानुपिढ्या टिकत. ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे.

लाकडाचा हा काळ संपवला तो फुटणाऱ्या गोळ्याने. भरीव गोळा लाकडात भोक पाडी. ते सुतार बुजवू शकत. दारू भरलेला गोळा आत शिरून फुटला की जहाज पेट घेई. १८५३ मध्ये काळ्या समुद्रात सिनोप बंदरात रशियन आरमाराने असल्या गोळ्यांनी तुर्कांचा जवळजवळ सगळा ताफा जाळला. त्यावर फ्रेंचांनी १८५५ मध्ये किनबर्नच्या किल्ल्यासमोर लोखंडी पत्रे जडवलेले तरंगते तोफखाने आणून उत्तर दिले. रशियन गोळे त्यांच्यावर आपटून खाली पडले. १८५९ मध्ये फ्रान्सने लाकडी सांगाड्यावर चिलखत चढवलेले ‘ला ग्लॉयर’ पाण्यात सोडले आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनने अख्ख्या लोखंडाचे ‘वॉरियर’. मार्च १८६२ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात हॅम्प्टन रोड्सच्या खाडीत ‘मॉनिटर’ आणि ‘व्हर्जिनिया’ ही दोन चिलखती जहाजे कित्येक तास एकमेकांवर तोफा डागत राहिली आणि दोघांपैकी कोणीच बुडाले नाही. त्याच्या आदल्याच दिवशी ‘व्हर्जिनिया’ने दोन मोठी लाकडी जहाजे संपवली होती. या दोन दिवसांनी जगभरच्या बंदरांना एकच गोष्ट कळली: एखादे चिलखती जहाज आत शिरले तर त्याला अडवायला लाकडी जहाजांचा उपयोग नाही.

मुंबईला हा धडा अडचणीच्या वेळी मिळाला. त्याच यादवी युद्धामुळे अमेरिकेचा कापूस बंद झाला होता आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या कापसावर चालत होत्या. शहरात पैसा नुसता ओतला जात होता. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या काळात कोटाचे जुने तट पाडून रस्ते आणि इमारतींसाठी जागा मोकळी केली गेली. तट पाडण्यात चूक काहीच नव्हती. नव्या तोफांपुढे ते टिकलेच नसते. पण एकीकडे शहराची संपत्ती वाढत होती आणि दुसरीकडे संरक्षण मात्र कमी होत होते. त्यात १८६३ मध्ये इंडियन नेव्ही हे कंपनीच्या काळापासून चालत आलेले हिंदुस्थानचे स्वतःचे लढाऊ आरमार सरकारने मोडीत काढले. उरले ते बॉम्बे मरीन नावाचे वाहतूक आणि बंदराच्या कामाचे खाते. लढाईची जबाबदारी ब्रिटनच्या शाही आरमाराकडे गेली आणि त्या आरमाराची जहाजे अर्ध्या जगभर पसरलेली होती.

धोका अगदीच काल्पनिक होता असेही नाही. अमेरिकेतील दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांचे ‘अलाबामा’ हे लुटारू जहाज अटलांटिकमध्ये धुमाकूळ घालून हिंदी महासागरात आले आणि जानेवारी १८६४ मध्ये मलबारच्या किनाऱ्यापर्यंत पोचले. त्याचे लक्ष्य अमेरिकी व्यापारी जहाजे होती, ब्रिटिश नव्हे. पण एकटे जहाज केवढ्या समुद्रावर दहशत बसवू शकते, हे पूर्वेकडच्या प्रत्येक बंदरातील व्यापाऱ्यांनी पाहिले. उद्या फ्रान्सशी किंवा रशियाशी बिनसले आणि असेच एखादे जहाज, तेही चिलखती, कुलाब्याला वळसा घालून आत आले तर काय, हा प्रश्न साहजिकच होता.

मुंबईचे बंदर नैसर्गिक दृष्ट्या उत्तम, पण तोफांनी बंद करायला अवघड. कुलाब्याचे टोक आणि समोरचा कोकणचा किनारा यांच्यामधले तोंड कित्येक मैल रुंद आहे. हे पाणी किती मोलाचे आहे हे मराठ्यांनी फार आधी ओळखले होते. खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांनी तटबंदी सुरू केली तेव्हा १६७९ मध्ये इंग्रजांनी त्यावरून आरमारी लढाई केली ती उगीच नाही. १८६० च्या दशकातली सर्वांत जड तोफसुद्धा मैल-दीड मैलापलीकडे चिलखत फोडण्याची खात्री देऊ शकत नसे. म्हणजे किनाऱ्यावर कितीही तोफा मांडल्या तरी मधून वाट उरणारच. तोफच हलती असली पाहिजे, हा त्यावरचा उपाय होता.

हिंदुस्थान सरकारसाठी अशी जहाजे बांधण्याचे काम लंडनच्या इंडिया ऑफिसने हाती घेतले. आराखड्यामागे सर एडवर्ड रीड होते, ब्रिटिश आरमाराचे मुख्य जहाजरचनाकार. रीड यांच्यासमोर नमुना होता अमेरिकी मॉनिटरचा. या प्रकारच्या जहाजाचा डेक पाण्याच्या जेमतेम वर असतो. जहाज जितके बुटके तितके शत्रूला लक्ष्य कमी आणि चिलखतही कमी लागते. तोटा असा की जराशी लाट आली तरी पाणी डेकवरून वाहते आणि बुरुजाच्या बुडातून, धुराड्याच्या तोंडातून, खाली उतरण्याच्या झडपांतून आत शिरते. मूळचे ‘मॉनिटर’ १८६२ च्या अखेरीस वादळात बुडाले.

रीड यांनी त्यावर काढलेली तोड साधी होती. बुटका डेक तसाच ठेवायचा. पण त्याच्या मधल्या भागावर साधारण सात फूट उंचीची जाड चिलखती भिंत लांबट वळसा घालून उभी करायची, पाटावर डबा ठेवावा तशी. बुरुजांची बुडे, धुराडे, हवेची भोके आणि वर-खाली करायच्या वाटा सगळ्या या भिंतीच्या आत. पाणी डेकवरून वाहिले तरी ते भिंतीला आपटून परत जाते. शिवाय भिंतीमुळे बुरूज उंचावर बसले आणि तोफांची तोंडे पाण्यापासून पुरेशी वर आली. भिंतीच्या पुढच्या टोकाला एक आणि मागच्या टोकाला एक असे दोन बुरूज, दोघांच्या मध्ये अरुंद बांधकाम आणि त्यावर होड्या व जहाज चालवण्याची जागा असलेला वरचा डेक. डोलकाठ्या आणि दोरखंड मध्ये नसल्याने दोन बुरूज मिळून जवळजवळ सर्व दिशांना मारा करू शकत.

बुरुजाची कल्पना ब्रिटिश आरमारातले कॅप्टन काउपर कोल्स यांची. अमेरिकेत जॉन एरिक्सन यांचा बुरूज मधल्या खांबावर फिरे आणि एरवी डेकवरच टेकलेला असे. कोल्स यांचा बुरूज रुळांच्या कड्यावर बसे आणि त्याचा खालचा भाग डेकच्या आत सुरक्षित राही. फिरवण्याच्या दृष्टीने कोल्स यांची रचना सरस होती आणि या तिन्ही जहाजांत तीच वापरली गेली.

‘मॅग्डाला’ थेम्स आयर्नवर्क्स या कारखान्यात बांधली गेली. ‘वॉरियर’ याच कारखान्यातले. (पुढे या कारखान्याचा फुटबॉल संघ निघाला, तोच आजचा वेस्ट हॅम युनायटेड.) ‘मॅग्डाला’ मार्च १८७० मध्ये पाण्यात उतरली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुरी झाली. लांबी २२५ फूट, रुंदी ४५ फूट, पाण्याखालचा भाग सुमारे १५ फूट आणि वजन ३,३४० टन. पाण्याच्या रेषेवर ६ ते ८ इंच जाडीचे लोखंड, मधल्या भिंतीला ८ ते ९ इंच, बुरुजांना ९ ते १० इंच. जहाज ढकलणारे दोन पंखे आणि वेग साडेदहा नॉटच्या जरासा वर. खलाशी १५५.

‘ॲबिसिनिया’ही त्याच वर्षी, फेब्रुवारीत, नदीच्या काठीच क्युबिट टाउनमध्ये डजन बंधूंच्या गोदीतून पाण्यात उतरली. मांडणी तीच, पण हात आखडता घेऊन केलेली. लांबी तेवढीच, रुंदी तीन फूट कमी, वजन २,९०० टन, चिलखत बऱ्याच ठिकाणी इंचभर पातळ, वेग साडेनऊ नॉटच्या आसपास आणि खलाशी शंभर. खर्च सुमारे १ लाख १६ हजार पौंड आला. ‘मॅग्डाला’चा १ लाख ३२ हजारांवर गेला. दोघींमधला फरक तज्ज्ञाने फूटपट्टी लावल्यावरच कळावा इतपतच होता.

दोघींवर प्रत्येकी चार तोफा होत्या, एकेका बुरुजात दोन. दहा इंची नळीची, १८ टन वजनाची, तोंडाने भरायची तोफ. तिचा एक गोळा सुमारे ४०० पौंडांचा. ती भरण्याचा खटाटोप पाहिला तर त्या काळची आरमारी लढाई किती संथ असे ते कळते. बार उडाला की धक्क्याने तोफ गाड्यासकट मागे येई. नळीत ठिणगी राहिली असेल तर पुढची दारू हातातच पेटेल, म्हणून आधी ओला बोळा लांब काठीने आत फिरवायचा. मग साठ-सत्तर पौंड दारूची कापडी पिशवी तोंडातून आत सारायची. मग चारशे पौंडांचा गोळा कप्पीने उचलून तोंडाशी आणायचा. नळीच्या आत वळणावळणाच्या खाचा कोरलेल्या असत आणि गोळ्याच्या अंगावर त्या खाचांत बसणारी धातूची बोंडे. ती नेमकी जुळवून गोळा आत ढकलायचा. मग अठरा टनांचे हे धूड पुन्हा भोकाबाहेर सरकवायचे. हे सारे लोखंडी पिंपाच्या आत, धुरात, माणसाला धड हात पसरता येणार नाही अशा जागेत. ‘सर्बेरस’वर तर बुरूजही माणसांनी दांडे फिरवून वळवायचा होता. थेम्सच्या थंडीत हे काम कष्टाचे. मुंबईच्या मे महिन्यात तापलेल्या लोखंडी बुरुजात ते काय झाले असते याची कल्पना मुंबईकराला करता येईल.

जहाजांची नावे ठेवली गेली ती त्या वेळच्या ताज्या विजयावरून, आणि तो विजय मुंबईशी जोडलेला होता. ॲबिसिनियाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा, सम्राट थिओडोर याने ब्रिटिश वकील आणि काही युरोपीय लोकांना अटकेत ठेवले. त्यांना सोडवायला ब्रिटिशांनी १८६७ मध्ये जी मोहीम काढली तिचे नेतृत्व बॉम्बे आर्मीचे सरसेनापती सर रॉबर्ट नेपियर यांच्याकडे होते आणि तिची बहुतेक तयारी मुंबईत झाली. सुमारे तेरा हजार सैनिक, त्यांच्या दुप्पट बाजारबुणगे, हजारो खेचरे आणि उंट, किनाऱ्यावर घालायचे आगगाडीचे रूळ, आणि जड तोफा डोंगर चढवून न्यायला ४४ हत्ती, असा सगळा पसारा जहाजांवर चढला. सैन्यात बॉम्बे आर्मीच्या पलटणी आणि बॉम्बे सॅपर्स होते. १३ एप्रिल १८६८ रोजी मॅग्डालाचा डोंगरी किल्ला पडला. त्याआधीच कैद्यांना सोडून दिलेल्या थिओडोरने स्वतःवर गोळी झाडून घेतली. सैन्याने किल्ला लुटला, उद्ध्वस्त केला आणि परत फिरले. नेपियर यांना मॅग्डालाचे बॅरन हा किताब मिळाला. मोहिमेचा खर्च नव्वद लाख पौंडांच्या घरात गेला. त्या मानाने मुंबईच्या दोन्ही युद्धनौका स्वस्तात पडल्या म्हणायच्या.

जहाजे तयार झाली खरी, पण ती हिंदुस्थानपर्यंत आणायची कशी, हा प्रश्न १८७० च्या शरद ऋतूत भलताच नाजूक झाला. ७ सप्टेंबरला मध्यरात्र उलटताच स्पेनच्या फिनिस्टर भूशिराजवळ ‘कॅप्टन’ हे ब्रिटिश आरमाराचे नवे कोरे जहाज वादळात उलटले आणि सुमारे ४८० माणसे बुडाली. हे कोल्स यांचे स्वप्न होते: फिरते बुरूज आणि पूर्ण शिडे, दोन्ही एकाच जहाजावर. बांधताना वजन वाढले आणि आधीच बुटके असलेले जहाज ठरल्यापेक्षा पाण्यात अधिक बसले. उंच डोलकाठ्यांवर वारा भरला तेव्हा कलंडलेल्या जहाजाला परत सरळ होण्याएवढी उंची उरली नाही. बुडालेल्यांत कोल्स स्वतः होते. आरमारमंत्री चाइल्डर्स यांचा तरुण मुलगाही होता. रीड यांनी या आराखड्याला कायम विरोध केला होता आणि त्याच जुलैमध्ये पदाचा राजीनामा दिला होता. बुटक्या डेकवर उंच शिडे घालू नयेत हे त्यांचे म्हणणे फार मोठी किंमत मोजून खरे ठरले.

अशा वेळी गंमत अशी झाली की शिडांशिवाय चालण्यासाठीच आखलेल्या जहाजांना सागर ओलांडण्यापुरती का होईना, शिडे लावावी लागली. इंजिनाला कोळसा इतका लागे की त्या छोट्या कोठारांवर लांबचा प्रवास भागण्यासारखा नव्हता. ‘मॅग्डाला’वर प्रवासापुरत्या तीन डोलकाठ्या उभारल्या आणि १८७०-७१ च्या हिवाळ्यात ती मुंबईकडे निघाली. ‘सर्बेरस’वर डोलकाठ्या तर चढवल्याच, शिवाय डेकच्या दोन्ही कडांना तात्पुरते पत्रे ठोकून बाजू उंच केल्या. ते नुकत्याच सुरू झालेल्या सुएझ कालव्यातून, कॅप्टन विल्यम पँटर यांच्या हाताखाली, ९ एप्रिल १८७१ रोजी मेलबर्नच्या पोर्ट फिलिप उपसागरात पोचले. मुक्कामी पोचल्यावर हा सगळा तात्पुरता साज उतरवला गेला.

‘मॅग्डाला’ आणि ‘ॲबिसिनिया’ मुंबईत आल्या तेव्हा शहर पुन्हा उभारी धरत होते. कापसाचा फुगा १८६५ मध्ये फुटला होता, बॅक बे भरावाच्या कंपनीसकट कितीतरी उद्योग बुडाले होते. पण १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्याने मुंबई हेच युरोपहून येणाऱ्या जहाजांचे पहिले मोठे बंदर झाले. १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक. तोंडाशी प्राँग्सचे दीपगृहही १८७५ चेच. राखण करण्यासारखा माल वाढत होता आणि राखणदार नांगर टाकून होत्या.

त्यांच्या नोकरीत खरी अडचण होती ती देखभालीची. चिलखती जहाज नुसते उभे राहिले तरी जुने होते. उबदार खाऱ्या पाण्यात लोखंडी बुडावर शंख-शिंपल्यांचे थर चढतात, बॉयलर न पेटवताही गंजतात. आणि जहाजे सांभाळणाऱ्या मरीन खात्याचा पिंड वाहतुकीचा. त्याचे खलाशी आणि आगवाले पिढ्यानपिढ्या कोकणातून, विशेषतः रत्नागिरीकडून येत. समुद्र त्यांच्या हाडीमाशी खिळलेला होता, पण ते खाते १८६३ पासून लढाऊ राहिले नव्हते. १८७७ मध्ये मुंबई आणि कलकत्त्याची खाती एकत्र करून इंडियन मरीन झाले, १८९२ मध्ये त्याच्या नावामागे ‘रॉयल’ लागले. तरी मुख्य काम सैन्याची ने-आण, मोजणी आणि बंदरांची देखरेख हेच राहिले. अशा व्यवस्थेत दोन युद्धनौका म्हणजे कायमचा खर्च आणि वापर मात्र नाही, असा मामला होता.

वापर झाला नाही म्हणून त्या निरुपयोगी होत्या का, याचे सरळ उत्तर देता येत नाही. १८७७-७८ मध्ये रशिया-तुर्कस्तान युद्धाच्या वेळी आणि पुन्हा १८८५ मध्ये अफगाण सीमेवरच्या पंजदेह प्रकरणात ब्रिटन आणि रशिया युद्धाच्या उंबरठ्यावर आले. दोन्ही वेळा साम्राज्यातल्या प्रत्येक बंदराने आपल्या तोफा मोजून पाहिल्या. रशियन जहाजे आली नाहीत. ती मुळात येणारच नव्हती, की आत दहा इंची तोफांचे बुरूज आहेत हे माहीत असल्याने आली नाहीत, हे कोणत्याही दप्तरातून सिद्ध होणार नाही. एवढे मात्र म्हणता येते की आखलेल्या कामासाठी या नौका योग्य होत्या. उथळ, अरुंद पाण्यात, ओळखीच्या खडकांमध्ये, किनाऱ्याच्या तोफांच्या साथीने लढायचे असते तर १८७० च्या दशकात हिंदी महासागरात फिरणाऱ्या फार थोड्या जहाजांनी त्यांच्याशी सामना पत्करला असता. उघड्या समुद्रात, आणि त्यातही पावसाळ्यात, त्यांची धडगत नव्हती. पण त्यासाठी त्या बांधल्याच नव्हत्या.

त्यांना हरवले ते काळाने, आणि तेही फार लवकर. खुद्द रीड यांच्याच आराखड्याचे ‘डेव्हास्टेशन’ १८७३ मध्ये दाखल झाले. मुंबईच्या नौकांचीच मांडणी, पण वजन तिप्पट आणि कोळसा महासागर ओलांडण्याइतका. शिडांशिवाय खुल्या समुद्रात जाणारे हे पहिले बडे युद्धजहाज. पुढे तोफांची नळी लांबत गेली, दारू सावकाश जळणारी झाली, तोफ तोंडाऐवजी मागच्या बाजूने भरली जाऊ लागली. साध्या घडीव लोखंडाच्या चिलखताची जागा आधी लोखंडावर पोलाद चढवलेल्या पत्र्यांनी आणि मग खास कठीण केलेल्या पोलादाने घेतली. १८७० मध्ये जे ९ इंच लोखंड अभेद्य वाटे, ते वीस वर्षांत नव्या तोफेला सहज फुटण्याजोगे झाले.

सरकारने डागडुजी करून पाहिली. १८९२ मध्ये दोन्ही नौकांवरच्या दहा इंची तोफा काढून मागून भरायच्या आठ इंची तोफा बसवल्या. तोंड दोन इंचांनी लहान, पण मारा अधिक लांबचा आणि भरणे सोपे. चिलखत आणि इंजिने मात्र जुनीच राहिली. त्याच सुमारास बंदराच्या संरक्षणाची कल्पनाच बदलत होती: तोंडाशी पाणसुरुंग, बेटांवर आणि किनाऱ्यावर नव्या तोफा, आणि शत्रूच्या बड्या जहाजावर रात्री धावून जायला चपळ टॉर्पेडो बोटी. हिंदुस्थानसाठी अशा सात टॉर्पेडो बोटी आल्या आणि त्यांना इथल्या लढाऊ जमातींची नावे दिली: ‘बलुच’, ‘गुरखा’, ‘करेन’, ‘पठाण’, ‘मराठा’, ‘शीख’, ‘राजपूत’. जोडीला ‘असई’ आणि ‘प्लासी’ या दोन टॉर्पेडो गनबोटीही होत्या. ज्या असईच्या रणांगणावर १८०३ मध्ये शिंद्यांचे कवायती सैन्य वेलस्लीकडून हरले, त्याचे नाव एका बोटीला आणि ‘मराठा’ हे दुसरीला, असा तो ताफा होता. त्यानंतर दोन संथ चिलखती नौकांना बंदरात काम उरले नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत, १९०३ च्या सुमारास, दोघी भंगारात विकल्या गेल्या. १९०६ मध्ये ब्रिटनने ‘ड्रेडनॉट’ आणले आणि जगातली सगळीच जुनी युद्धजहाजे एका दिवसात मागे पडली. ‘मॅग्डाला’ त्याआधीच निकालात निघाली होती.

या घराण्याचा आज दिसणारा अवशेष मेलबर्नला आहे, कारण ‘सर्बेरस’ला भंगाराचा बाजार नीट मिळाला नाही. सोन्याच्या खाणींनी श्रीमंत झालेल्या व्हिक्टोरिया वसाहतीलाही मुंबईसारखीच धास्ती होती. १८६५ मध्ये ‘शेननडोआ’ हे बंडखोर अमेरिकी लुटारू जहाज चक्क मेलबर्नमध्ये येऊन दुरुस्ती करून गेले होते. ‘सर्बेरस’नेही कधी लढाई पाहिली नाही. त्याच्या खलाशांचे बळी गेले ते सरावात: मार्च १८८१ मध्ये क्वीन्सक्लिफजवळ सुरुंग पेरताना स्फोट होऊन पाच जण मेले. बॉयलर निकामी झाल्यावर ते दारूगोळ्याचे तरंगते कोठार झाले, १९०१ नंतर नव्या ऑस्ट्रेलियाच्या आरमारात गेले, १९२१ मध्ये ‘प्लॅटिपस २’ या नावाने पाणबुड्यांच्या दिमतीला लागले आणि १९२४ मध्ये विकले गेले. काढण्यासारखे ते काढून घेतल्यावर उरलेला सांगाडा स्थानिक नगरपालिकेने घेतला आणि सप्टेंबर १९२६ मध्ये ब्लॅक रॉकजवळच्या हाफ मून बे या उपसागरात लाटा अडवण्यासाठी बुडवला.

तिथे पाणी उथळ असल्याने बुरूज, मधली भिंत आणि वरचे बांधकाम पाण्याबाहेर राहिले. लोक होड्यांतून तिथे सहलीला जात, पाणबुडे आत शिरत. डिसेंबर १९९३ मध्ये गंजलेला खालचा सांगाडा दबला आणि वरचा सगळा भार खाली बसला. तो भार कमी करावा म्हणून अठरा-अठरा टनांच्या चारही तोफा बुरुजांतून काढून शेजारी समुद्रतळावर ठेवल्या आहेत. खाऱ्या पाण्यात तोफांच्या लोखंडाऐवजी आधी दुसरा धातू झिजावा, म्हणून त्यांना त्या धातूचे ठोकळे जोडले आहेत. डिसेंबर २००५ मध्ये ऑस्ट्रेलियाने या अवशेषाची राष्ट्रीय वारसा यादीत नोंद केली. बुटक्या डेकवर चिलखती भिंत उभारलेले, या प्रकारचे जगातले हे एकच जहाज शिल्लक आहे आणि ‘मॅग्डाला’ व ‘ॲबिसिनिया’ यांची बांधणी कशी होती हे डोळ्यांनी पाहण्याची सोयही तेवढीच.